गेटच्या आत

१६ जून, सोमवार
आमचा कामगार एकनाथ फॅक्टरीच्या छपरावरून पडला. दुपारच्या सुट्टीत! इथे आखातात या दिवसांत दुपारी उन्हात काम बंद, हा सरकारी नियम. पण जनरल मॅनेजरचा फोन आला — "कॅप्टन, पत्रे आजच बसले पाहिजेत. कर काहीतरी." फॅक्टरीचा सिक्युरिटी ऑफिसर मी. छपराचं दार मी उघडून दिलं.

एकनाथच्या जोडीचा कामगार हमझा म्हणाला होता, "साहेब, ह्या उन्हात मानूस चढवताव?"

"ऑर्डर आहे. यल्ला, चला!" मी म्हणालो. एकनाथ चढला. चक्कर आली असणार.

१७ जून
एकनाथ आयसीयूत आहे. शुद्ध नाही. मॅनेजरने मला सांगितलं, "त्याला आधीपासून फिट्स यायच्या. सगळ्यांनी हेच सांगायचं." मी 'हो' म्हणून मान हलवली. का हलवली?

१८ जून
आज कुणीच फॅक्टरीच्या बसमध्ये चढलं नाही. सगळे कामगार त्यांच्या राहत्या कॅम्पच्या अंगणात बसून राहिले. मॅनेजरने विचारलं, "सुरुवात कुणी केली?"

"हमझा."

एवढंच बोललो. पण बोललो! आता त्याला घरी पाठवणार — थेट विमानात. बाकीच्यांना जरब बसावी म्हणून. परवाच्या ईदला माबेला वस्तीत आमच्या घरी बिर्याणीचा डबा घेऊन आला होता. माझ्या बायकोसाठी, अस्मितासाठी वेगळी, व्हेज.

अस्मिताला सांगितलं. ती म्हणाली, "नाव तू दिलंस?" मग उठून कपडे वाळत घालायला गेली.

१९ जून
अकॅडमीत असताना मी ऑटोमन तुर्की सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांवर लेक्चर दिलं होतं. सुलतानाने त्यांना मॅसिडोनियाच्या डोंगरांत बंडखोरांच्या मागावर धाडलं. त्यांच्यातले काही पुढे स्वतःच शिपाई घेऊन डोंगरात शिरले, सुलतानाविरुद्ध. केवढा रंगून बोललो होतो मी! कर्नलसाहेबांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या जागी असता तर?" सगळे हसले. मीही हसलो. 

पाच वर्षं लष्करात काढली. शिकलो काय? ऑर्डर खाली पोचवायला.

२० जून
हमझाला कॅम्पातल्या एका खोलीत बसवून ठेवलंय. दारावर माझाच गार्ड. आत गेलो. शिव्या घालेल असं वाटलं होतं. "बसा साहेब. चाय मागवू?" म्हणाला. बसवलं नाही मला.

२१ जून, शनिवार
ऑर्डर आली. उद्या सकाळी हमझा एअरपोर्टवर, बाकीचे बसमध्ये. हाताला धरून कोंबायचे. "तुला माणसं हाताळायची सवय आहे," मॅनेजर म्हणाला.

अस्मिताला विचारलं, नोकरी गेली तर?

"तर पुण्याला जाऊ. पण क्षितिज, उद्या हे करून घरी येऊ नकोस."

२२ जून, रविवार
एकनाथ पहाटे गेला.

लेबर ऑफिसला फोन केला. छपराचं दार कुणी उघडलं, तेही सांगितलं. नाव विचारलं — पूर्ण दिलं. गार्डना म्हणालो, ज्याला जायचंय त्याने आत्ता जावं. दोघे गेले, बाकीचे राहिले. हमझाला खोलीतून बाहेर आणलं. तो सरळ बाकीच्यांत जाऊन बसला. बरोबरच आहे.

कॅम्पचं गेट आतून लावलंय. बाहेर मॅनेजर हॉर्न देतोय — "कॅप्टन, गेट खोल!"

आम्ही उघडणार नाही.