धक्क्याचा कठडा

प्रिय आई,

आधी खुशाली. मी ठणठणीत आहे. तुझा खोकला कसा आहे?

धक्क्याचा कठडा गंजू नये म्हणून मी ॲल्युमिनियम निवडलं, पण बोल्ट पोलादाचे घातले. खाऱ्या पाण्यात पोलादाला टेकलेलं ॲल्युमिनियम झिजतं, हे शिकूनही विसरलो. गुरुवारी कठडा तुटून तुईलाकाका खाली पडले. मांडीचं हाड मोडलं.

मला पाहून म्हणाले, "काय रे इंजिनिअर, माझ्या हाडाला तरी बोल्ट नीट निवडशील ना?" त्यांचे मुलगे हसले नाहीत.

शनिवारी पहाटे मी आपल्या रीतीप्रमाणे त्यांच्या दारात डोक्यावरून चटई पांघरून माफीला बसणार आहे. त्यांनी ती उचलली, तरच माफी. तू विणलेली तलम चटई मामासोबत पाठव.

घरचेही सोबत बसतात, पण तू मात्र येऊ नकोस. माझ्या चुकीसाठी चटईखाली माझ्या शेजारी तू बसलीस, तर ती उचलल्यावरही मला मान वर करता येणार नाही.

तुझाच,
पेनितो