डाव्या हातावरची तुळस

४ फेब्रु.
कंपनीच्या लेगिंगचं सिम्युलेशन, म्हणजे विणण्याआधी कपडा संगणकावर घालून बघणं, बाजूला ठेवलं. दिवसभर पडद्यावर आईचा डावा हात. छातीतली गाठ काढल्यापासून तो सुजतो. दाब देणारी बाही घालायचीच, नाहीतर हात असाच भरत जाईल, असं डॉक्टर म्हणतात. बाजारातली तिला काचते. म्हणून ही मीच बनवतेय.

पडद्यावर कापड म्हणजे नुसते ठिपके, ठिपक्यांमध्ये स्प्रिंगा. सोडलं की हातावर अलगद उतरतं, पाण्यात सोडलेल्या पदरासारखं. बघत बसले. चहा गार.

९ फेब्रु.
पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे कुठेच जास्त ताण नाही. बाही विणून आली.
"कशी आहे?"
"ब्येस हाय की."
संध्याकाळी तिच्या उशीखाली सापडली.
"तुला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाय, नंदे. भाकरी थापताना लई काचती."

१० फेब्रु.
पडद्यावरचा हात सरळ. तो कुठे भाकरी थापतो!

आईला ओट्याशी उभं केलं. ताण मोजायला कातडीवर ठिपके काढणार होते, पेन शोधत होते.
"आनी कशाला काढतीस? हायेत की!"
गोंदण. तिच्या लहानपणी केम गावात काढलेलं, दोन्ही हातांवर सारखंच तुळशीवृंदावन. उजवं आहे तसं. डावं सुजेनं पसरलंय, पायऱ्या रुंद. हात वाकवला की कोपराजवळचे ठिपके एकमेकांना बिलगतात. तिथेच कापड गोळा होतं.

१४ फेब्रु.
दुपारी डोळा लागला. गोंदणातली तुळस पडद्यावर वाढत होती, कडेबाहेर, खिडकीपर्यंत. मी थांब थांब म्हणत होते.

१५ फेब्रु.
वाकलेला हात भरला प्रोग्रॅममध्ये. कोपराशी लाल वळी. तिथली वीण सैल करायची, पण किती? फार सैल झाली तर सूज तिथेच साचेल. घट्ट राहिली तर बाही पुन्हा उशीखाली. डॉक्टर म्हणाले, करून बघा, पण हात दाखवत राहा.

२३ फेब्रु.
दुसरी बाही. सकाळी आईनं घातली, भाकरी थापल्या. कशी आहे विचारलं नाही. विचारलं की ब्येसच म्हणणार.

तिन्हीसांजेला सुजेचा घेर मोजायला बसले तर टेप जागेवर नाही. आई मांडीखाली घेऊन बसलेली.
"आज नगं गं. आज नुसतं बघ."

बाही मात्र अजून तिच्या हातावर चढवलेलीच. तिच्याखाली तुळस केवढी आहे, दिसत नाही. शेजारी बसून राहिले.