बासिमाच्या मुलाची विचारपूस चालू ठेवण्याबाबत

मी, इन्शिराह, मरहूम तवफीक होडी-सुतार यांची विधवा, राहणार एझबत अल-बुर्ज, नदी समुद्राला मिळते तिकडून दुसरं घर, वय दाखल्याप्रमाणे अठ्ठ्याहत्तर आणि गुडघ्यांना विचाराल तर शंभराच्या पुढे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचाही दबाव नाही. म्हणजे मुलाचा आहे, पण तो आत्ता मासे खाऊन आडवा झालाय, तेवढ्यात लिहून घेते.

लिहिते स्वतःच्या हाताने. साठी उलटल्यावर अक्षरं शिकले, आणि शिकवली माझ्या नातवाने, रागिबने. तेव्हा तो शाळेतलं पोर. म्हणायचा, "आजी, तुझी अक्षरं बदकांसारखी चालतात, एक पुढे तर दुसरं चिखलात." मी त्याला लाटणं दाखवायची. आज इतका मोठा कागद मी एकटीने भरतेय, याचा मला फार आनंद आहे. चुका असतील त्या रागिबच्या खात्यावर घाला.

कलम पहिले. घर. आमच्या शरियतीप्रमाणे आणि सरकारी कायद्याप्रमाणे दोन हिस्से मुलगा फौझीचे, एक हिस्सा मयत लेक बासिमाचा, तो तिच्या एकुलत्या मुलाचा, म्हणजे रागिबचा. रागिब तुरुंगात असला तरी हिस्सा त्याचाच. गच्चीकडची खोली त्याची धरावी. भाड्याने देऊ नये. उशा उन्हात घालत जाव्यात.

कलम दुसरे. नवऱ्याचा वाकस, रंधा आणि करवती धक्क्यावरच्या हमाम सुताराला. त्याने त्या मागितल्या नाहीत, म्हणून त्याला. जे मागत होते त्यांनी वाट बघावी.

कलम तिसरे. ईदच्या कहकचा, म्हणजे सणाच्या गोड बिस्किटांचा, लाकडी साचा शेजारीण उम्म हिलाल हिला. तो नाहीतरी तिच्याकडेच आहे. गेली कित्येक वर्षं ईदच्या आधी नेते आणि बकरी ईद आली तरी "अगं, विसरलेच" म्हणते. आता विसरायची गरज नाही, साचा तुझाच. तुझी कहक मात्र दगडासारखी होतात, हे इथे कायदेशीर लिहून ठेवते.

बदकं कोणाला द्यायची ते मी तोंडी सांगेन, कारण माझा विचार रोज बदलतो.

कलम चौथे. फोन कोणालाही देऊ नये. का, ते पुढे येतंच आहे.

कलम पाचवे, आणि यासाठीच एवढा खटाटोप. माझ्या नावावर परदेशात एक केस आहे. हसू नका. ज्या बाईने आयुष्यात गाव ओलांडलं ते बाळंतपणाला, तिची केस समुद्रापलीकडे चालू आहे, एका फार मोठ्या कंपनीवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, पोरांच्या खिशाखिशात ती आहे.

झालं असं. रागिब त्या कंपनीच्या पानावर गमती लिहायचा. नाव लावायचा "बासिमाचा मुलगा". आता हे परदेशातल्या वकीलबाईंसाठी लिहिते, आमच्या लोकांना सांगायला नको. आमच्याकडे आईचं नाव बाहेर काढत नाहीत. शाळेत कुणी ते घेतलं तर पोरं टाळकी फोडतात. बाप्ये ओळखले जातात बापाच्या नावाने आणि बायका मुलाच्या. मला सगळं गाव उम्म फौझी, म्हणजे फौझीची आई, म्हणतं, इन्शिराह कोण ते पोस्टमनलासुद्धा माहीत नाही. त्यामुळे बासिमा कोण, हे घरातल्या चार माणसांपलीकडे कोणाला कळणार? लपायला याहून चांगली जागा नव्हती. हुशार आहे माझा नातू.

त्याने लिहिलं, आमच्याकडची भाकरी आता इतकी पातळ झालीय की तिच्यातून पलीकडचा मंत्री दिसतो, आणि तोही जेवताना. मी इतकी हसले की ठसका लागला. भाकरी उजेडाला धरून पाहिली. मंत्री दिसला नाही, पण खिडकी दिसली.

मग कंपनीने त्याला कळवलं, हे नाव खरं नाही, खरं नाव सिद्ध कर, नाहीतर पान बंद. पोराने ओळखपत्राचा फोटो पाठवला. विश्वासाने पाठवला. पुढे सरकारने कंपनीला विचारलं, हा कोण? कंपनीने फोटो काढून दिला, आणि सोबत त्याने मित्रांशी केलेल्या खाजगी गप्पाही. खोटी बातमी पसरवल्याबद्दल त्याला घेऊन गेले. जाताना चपला घालू दिल्या नाहीत.

परदेशातल्या कोर्टात कंपनीचा वकील म्हणाला की सदर माणसाने खोटं नाव वापरून आमचा नियम मोडला. खोटं? बासिमा माझी लेक. रागिब तिला याच घरात झाला, पाणी मी तापवलं. आमच्याकडे दफन झाल्यावर शेख कबरीपाशी बसून मेलेल्याला हाक मारतो ती आईच्या नावाने, अमकीच्या मुला म्हणून, कारण बापाबद्दल शंका निघू शकते, आईबद्दल नाही. जे नाव देवापुढे चालतं ते कंपनीला चालत नाही, याची नोंद घ्यावी.

आता फौझीबद्दल, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. फौझी माझा थोरला, गुणी, माझं औषध कधी चुकवत नाही. आणि तो त्याच कंपनीच्या राजधानीतल्या कचेरीत नोकरीला आहे. रागिबला पहिला फोन यानेच आणून दिला होता.

आज दुपारी तो केस मागे घ्यायचा कागद घेऊन आला.

"आई, सही कर. साहेबांनी दोनदा विचारलंय."

"तुझ्या साहेबांना म्हणावं, मला सही शिकवणारा आत आहे."

"मी जाहिराती विकतो गं. तिसऱ्या मजल्यावर बसतो. नावं देतात ती पाचव्या मजल्यावरची माणसं."

"जिना एकच ना रे?"

तो जेवत राहिला. मग म्हणाला, "दिलं नसतं तर कचेरी बंद झाली असती. सगळे घरी बसले असते."

"म्हणून एकाला आत बसवलं."

"कंपनी ज्या देशात असते तिथला कायदा पाळते, आई. पत्रात लिहिलंय तसं."

ते पत्र म्हणजे माझ्या केसला कंपनीने परक्या भाषेत धाडलेलं उत्तर, आणि ते फार गोड आहे. त्यात लिहिलंय की कंपनीला माणसांच्या हक्कांची मनापासून कदर आहे. मी फौझीकडून दोनदा वाचून घेतलं. इतक्या गोड शब्दांत मला कोणी नकार दिला नव्हता. तवफीकचं स्थळ यायच्या आधी दोन मुलांनी दिला होता, पण ते आडदांड होते.

केस आपण जिंकणार नाही. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय, आणि मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात. पण भेटी बंद झाल्यापासून रागिबची बातमी येते ती फक्त या केसमुळे. परदेशातलं कोर्ट अधूनमधून कंपनीला विचारतं, तो माणूस कुठे आहे? कंपनी सरकारला विचारते. आणि माझ्या फोनवर एक ओळ येते, हयात आहे. ती ओळ आली की मी गोड भात करते आणि उम्म हिलाललाही पाठवते. केस संपली की विचारणारं कोणी नाही. ज्याला कोणी विचारत नाही त्याचं आत काय होतं, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि मी ते लिहिणार नाही.

मी गेल्यावर माझ्या जागी वारसच उभा राहू शकतो, आणि बाहेर असलेला वारस एकच. हमामला नेमता येईल का विचारलं. नाही येत. म्हणजे केस फौझीची. तो ती मागे घेईल. मला माझा मुलगा माहीत आहे, त्याला तीन लेकरं आहेत, मी त्याला शाप देत नाही.

म्हणून एवढंच मागते. फौझी, केस मागे घेतलीस तर कोर्ट जे विचारत होतं ते तू विचारायचं. दर सणाला तुरुंगाच्या फाटकावर जायचं, गळ्यात कंपनीचं कार्ड असू दे, आणि पहारेकऱ्याला विचारायचं, बासिमाचा मुलगा रागिब हयात आहे का? बहिणीचं नाव मोठ्याने घ्यायचं. लाजायचं नाही. उत्तर दिलं नाही तरी विचारायचं.

आता तो उठला. त्याला हे सगळं वाचायला दिलं. वारसाने साक्षीदार होऊ नये म्हणतात, पण दुसरा साक्षीदार म्हणून बोलावलेले शिक्षक पाचव्या कलमापर्यंत आले आणि त्यांना घरी काम आठवलं. तेव्हा फौझीलाच सांगितलं, तुला जे वाटतं ते लिहून सही कर. तो पेन धरून बसला. लहानपणी पाटी घेऊन बसायचा तसाच, जीभ ओठांत धरून.

ठिकाण एझबत अल-बुर्ज, तारीख ९ मार्च २०२४, रमजान तोंडावर.

लिहून देणार: इन्शिराह (सही स्वतःची, अंगठा नाही)

साक्षीदार पहिला: हमाम सुतार. वाचता येत नाही, वाचून दाखवलं, सगळं बरोबर आहे. अंगठा.

साक्षीदार दुसरा: फौझी तवफीक. वाचले. आईची सही माझ्यासमोर झाली. कलम पाचमधील फाटकावर जाण्याची अट मला मान्य नाही.