तीनशे किलोंचा सूड

२७ ऑगस्ट २००६, रविवार. गणेश चतुर्थी.
मराठी मंडळाच्या गणपतीला, लंडनजवळ स्लाऊला. आरती झाली, मोदक हातात आला, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, भोवरा आले वाटतं. वळून पाहिलं तर सगळे खाण्यात गुंग.

म्हणजे नाव मंडळभर झालं. गेल्या ऑक्टोबरात आमच्या गावच्या नांगरणी-स्पर्धेत माझ्या ट्रॅक्टरची मागची चाकं चिखलात जागच्या जागी गरगरत राहिली. ट्रॅक्टर इंचभर हलला नाही. हे बघायला मंडळाची माणसं दोनच होती. एक शैला, थर्मास घेऊन उभी. ती घरची. दुसरा डॉ. गिरीश. शेजारी, मंडळाचा अध्यक्ष, हाडांचा रिटायर्ड सर्जन. त्याने साखळी लावून मला ओढून काढलं आणि चारचौघांत म्हणाला, शशिधर, अरे मागच्या चाकांवर वजनच नाहीये तुझ्या.

तीस वर्षं दोघांनी एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. पेशंटला झोपवायचो मी, उठवायचो मी, आणि ख्रिसमसला वाइनची बाटली यायची त्याला. तेव्हा गप्प बसलो. आता नाही.

संकल्प: १५ ऑक्टोबरला, यंदाच्या स्पर्धेत, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्यापेक्षा सरळ सरी काढणे.

३ सप्टेंबर, रविवार
वजनाचं मला कोणी शिकवू नये. मी भूलतज्ज्ञ. जन्मभर पेशंटच्या किलोंवर डोस काढले. एकही चुकला नाही. (एक चुकला. पण उठला तो.)

ट्रॅक्टर १९५३चा, हलका. म्हणून चाकं घसरतात. वजन वाढवलं की पकड वाढणार. दुप्पट वजन, दुप्पट पकड. साधं गणित.

९ सप्टेंबर, शनिवार
मागच्या टायरांत होजने पाणी भरलं. पुस्तकात लिहिलंय, पाऊण भरा. मी काठोकाठ भरलं. कामं पाऊण करायची सवय सर्जनांना.

नखशिखांत भिजलो. शैला खिडकीतून बघत होती. फोनवर कोणाशी तरी हसत होती. तिचं बरं आहे.

१६ सप्टेंबर, शनिवार
चाकांना लावायची लोखंडी वजनं आणली. पहिलंच डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. अंगठा वांग्यासारखा झालाय. शैला म्हणते, गिरीशभावजींना दाखवा ना, दोन मिनिटांवर तर राहतात. पाय कापून देईन, पण त्याला अंगठा दाखवणार नाही. पॅरासिटामॉल घेऊन झोपलो.

२४ सप्टेंबर, रविवार
सराव करायचा होता. अंगठा. शिवाय क्रिकेट होतं.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.
ट्रॅक्टरला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. आज शस्त्राची पूजा. आणि हे शस्त्रच आहे.

संध्याकाळी शत्रू सोनं द्यायला आला. आपट्याची पानं या देशात कुठली, कसल्या तरी झुडपाची होती. मिठी मारली त्याने. मीही मारली, पण कमी. मग मुद्दाम ट्रॅक्टरभोवती फिरला, टायर दाबून बघितला. म्हणाला, बास रे आता, एवढं पुरे. मागे फार झालं तर नाक वर उचलेल, आणि पाऊस पडला तर आपली माती कणकेसारखी होते, रुतशील. त्यापेक्षा काढ थोडं.

काढ म्हणतो! घाबरला. म्हणजे अजून घालायला हवं.

७ ऑक्टोबर, शनिवार
देव आहे. दिवाळीच्या फराळाचं सामान दरवर्षी आमच्या बार्नमध्ये ठेवतात, हॉलमध्ये जागा नाही म्हणून. गिरीश आज स्वतः व्हॅन घेऊन आला. इल्फर्डहून बेसन, साखर, पोहे. पंचवीस-पंचवीस किलोंची बारा पोती. प्रत्येकावर त्याच्या त्या भयानक अक्षरात लिहिलेलं: मंडळ, दिवाळी. जपून ठेव रे, म्हणाला. मंगळवारी सतराला सगळ्या बायका लाडू करायला जमणार आहेत.

बारा गुणिले पंचवीस, तीनशे.

तो गेल्यावर बराच वेळ पोत्यांकडे बघत उभा राहिलो. याच्याच बेसनाने याला हरवायचं. असा सूड इतिहासात कोणी घेतला नसेल. रविवारी वापरणार, सोमवारी जागच्या जागी. कोणाला कळणार?

१४ ऑक्टोबर, शनिवार
दोन्ही मडगार्डवर लोखंडी सांगाडे बसवले. सहा पोती इकडे, सहा तिकडे. वरून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, दोरी. शैलाने विचारलं, त्यात काय आहे? वाळू म्हटलं. ती जवळ येऊन म्हणाली, वाळूला मुंग्या लागल्यात.

उद्या पाऊस सांगितलाय. बीबीसीचं काय खरं असतं.

१५ ऑक्टोबर, रविवार
पहाटेपासून पाऊस.

शेजारच्या पट्ट्यात गिरीश. त्याने माझ्या काळ्या गाठोड्यांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी इंजिन सुरू केलं.

पहिले वीस यार्ड मी मरेपर्यंत विसरणार नाही. चाक एकदाही घसरलं नाही. सरी पट्टीने आखावी तशी. छत्रीखालचे म्हातारे पंच मान डोलावत होते. मी मागे वळून शत्रूचं तोंड बघून घेतलं.

चाकं घसरली नाहीतच, हे इथे नोंदवून ठेवतो. ती खाली गेली. सावकाश, दोन्ही, अॅक्सलपर्यंत. नाक वर. मला फक्त ढग दिसत होते. मी जोर दिला, डावा सांगाडा वाकला, खालचं पोतं टायरला घासलं आणि फाटलं. मग त्याच्या वरचं. पावसात बेसन. टायरने ते माझ्यावर, सरीवर आणि पंचांवर उडवलं. साखर मागोमाग. पंचांनी बोटाने गालावरचं पुसून विचारलं, हे कोणतं खत? तोवर सीगल पक्षी आले. पोह्यांचा त्यांना कसा पत्ता लागतो कोण जाणे.

गिरीश साखळी घेऊन आला. चिखलात गुडघे टेकून साखळी अडकवताना त्याच्यासमोर पोत्याचा तुकडा होता. मंडळ, दिवाळी. त्याने तो वाचला. मग माझ्याकडे बघितलं. तुकड्याची घडी करून खिशात टाकली. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१६ ऑक्टोबर, सोमवार
बारापैकी चार पोती वाचली. उरलेल्यांचं पिठलं. उद्या काय सांगायचं?
उंदीर? चोर? बार्न गळतं? पूर?
किंवा अंगठा दुखतोय म्हणून जायचंच नाही.
त्याने आत्तापर्यंत सगळ्यांना फोन केले असणार. मीही केले असते. पहिला फोन अर्ध्या तासात केला असता.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
शैलाने ओढून नेलं. हॉलमध्ये शिरलो तर तुपात बेसन भाजल्याचा घमघमाट. आठ पोती नवीकोरी. गिरीश सगळ्यांना सांगत होता, शशिधरच्या बार्नचं छप्पर गळलं, बिचाऱ्याने भर पावसात चार पोती वाचवली. मी काल इल्फर्डला जाऊन बाकीची घेऊन आलो. बायकांनी मला चहा दिला. एक जण म्हणाली, किती हो जीव लावता मंडळाला.

त्याने मला वाचवलं. याचा सूड कसा घ्यायचा?

१८ ऑक्टोबर, बुधवार
लेक इरावती लीड्सहून दिवाळीला आली. जेवताना सगळं सांगितलं तिला, गेल्या वर्षीपासून. म्हटलं, सगळं मान्य, त्याने पोत्यांचं झाकलं. पण भोवरा हे नाव पसरवलं त्यानेच. ते मी सोडणार नाही. ती तिच्या इंग्लंडी मराठीत म्हणाली, पण बाबा, ती नाव तर आईने दिली ना? गिरीशकाका तर ऑलवेज चिडतो कोणी बोललं की.

शैला आमटी वाढत होती. वाढत राहिली. म्हणाली, हो, मीच म्हटलं. पण ट्रॅक्टरला नाही म्हटलं, तुम्हाला म्हटलं. रिटायर झाल्यापासून दिवसभर गरगर फिरता, आवाज करता, आणि सरकत कुठेच नाही. मी एकटी बघत बसते. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, सांगितलं.

मी म्हटलं, मीठ कमी आहे. कमी नव्हतं.

दुपारी आमच्या ट्रॅक्टरलाच राहिलेली गिरीशची साखळी धुतली, पुसली, तेल लावलं. नेऊन द्यायला निघालो. शैला म्हणाली, थांबा, मीही येते. लाडवांचा डबा घेतला तिने.

निघण्याआधी साखळी काट्यावर ठेवून बघितली. अकरा किलो. सहज.