स्वप्नं ठेवायला जागा

आदरणीय व्याहीबुवांच्या सेवेशी,

दोन्ही हात जोडून नमस्कार करतो आहे असं समजावं (प्रत्यक्षात एका हातात पेन आहे आणि दुसऱ्या हाताने कागद धरून ठेवलाय, कारण खिडकी उघडी आहे आणि दुपारचा वारा आज फार लाडात आलेला दिसतो). तुमचा गुडघा आता कसा आहे? तुम्ही आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट तपासल्या आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, ही गोष्ट मला वरचेवर आठवते आणि वाईट वाटतं. विहीणबाईंना झोप बरी लागते, असं आमच्या घरी रोज सकाळी कळतं. कसं कळतं, हाच या पत्राचा विषय आहे. माझी तब्येत उत्तम. डोळे तेवढे जरा थकलेत, पण त्याचंही कारण पुढे येतंय.

तुम्हाला कल्पना असेल किंवा नसेल, पण मुलांचं लग्न झाल्यापासून तुमच्या विहीणबाई (म्हणजे आमची ही) आणि आमच्या विहीणबाई (म्हणजे तुमच्या सौभाग्यवती) रोज सकाळी एकमेकींना फोनवर आवाजी निरोप पाठवतात. मला वाटायचं, चालली असतील लेकीसुनांची गाऱ्हाणी. तसं काही नाही. रात्री पडलेली स्वप्नं त्या एकमेकींना सांगतात. पायरी चुकल्याची, परीक्षेला उशीर झाल्याची, उशीखाली मासा सापडल्याची, अगदी तपशीलवार. आम्हाला ऐकायची परवानगी नाही. फोन भरला तेव्हा मी हिला सुचवलं की जुनी स्वप्नं पुसून टाक, तर तिने चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ जावईबापूंना फोन लावला.

तुमच्या चिरंजीवांनी (गुणी मुलगा, वादच नाही) आठवड्याभरात एक यंत्र पाठवलं. जेवणाच्या डब्याएवढं, काळं, आणि कानाजवळ धरलं तर झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरणारं. घरातला सर्व्हर म्हणतात त्याला. त्यांचं म्हणणं असं की या एका यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या मदतीने तीन-चार निराळी यंत्रं असल्यासारखं करता येतं. एकात स्वप्नं, एकात मी नोकरीत असताना काढलेले नद्यांचे नकाशे, एकात त्यांचे स्वतःचे काही प्रयोग (त्यात आपण डोकवायचं नाही). एक बिघडलं तरी बाकीच्यांना त्याची खबरही लागत नाही. फक्त हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर तेवढं तुम्ही निवडा, म्हणाले, आणि असं निवडा की त्याच्याकडे फार बघावं लागणार नाही. फोन ठेवता ठेवता लेक म्हणाली, "बाबा, खरंच फार बघू नका हं." तिने मला लहानपणापासून पाहिलंय.

मी जे पहिलं निवडलं त्याचं नाव आम्ही 'जावई' ठेवलं. (गैरसमज नसावा. तुमचे चिरंजीव तसे मुळीच नाहीत. हे सर्वसाधारण जावयांविषयी आहे.) कर्तबगार होतं, देखणं होतं, फुकटही होतं, पण रोज सकाळी दार उघडलं की त्याचं काहीतरी मनासारखं झालेलं नसायचं. कधी नवी आवृत्ती हवी, कधी (फुकट असूनही) वर्गणी भरलेली नाही याची आठवण, कधी पिवळा त्रिकोण आणि त्यावर उद्गारचिन्ह. मी त्याची समजूत काढायचो, ते तासाभराने दुसऱ्या गोष्टीवर रुसायचं. पण खरं सांगतो, त्याच्या पडद्यावर एक आलेख होता, यंत्र किती काम करतंय ते दाखवणारा. निळी रेघ, हलत हलत डावीकडे वाहत जाणारी. मी जन्मभर नद्या कागदावर काढल्या, पण वाहणारी एकही काढली नव्हती. दुपारी त्या रेघेसमोर बसलो की ती मला वळणावळणाने कुठेतरी घेऊन जायची. काठावर झाडं दिसायला लागायची, गुरं पाण्याला आलेली दिसायची. डोळे उघडले की चहा गार झालेला असायचा आणि पडद्यावर नवा त्रिकोण. नदीला जरा आणखी वळणं यावीत म्हणून मी एक-दोन आकडे बदलले, आणि त्या दुपारी जावईबुवा जे रुसले ते कायमचे.

दुसरं मोठमोठ्या कचेऱ्यांतून वापरतात असं कळल्यावर मोठ्या आशेने आणलं. त्याला आम्ही 'साहेब' म्हणायचो. साहेबांनी आमच्या यंत्राकडे नुसतं वरून खालपर्यंत पाहिलं आणि यातला अमुक भाग आमच्या यादीत नाही असं सांगून आत पाऊलही टाकलं नाही. मी दोन दिवस त्यांची मनधरणी केली. शेवटी हीच म्हणाली, ज्यांना आपलं घर कमी वाटतं त्यांना कशाला बोलवायचं. तो विषय तिथे संपला.

तिसऱ्याने मात्र आमचा घात केला, व्याहीबुवा. त्याचं नाव 'मौनीबाबा'. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी रेघ, बस्स. बटण नाही, चित्र नाही, त्रिकोण नाही. आज्ञा टाइप करायची, त्याने मुकाट्याने पाळायची. बरी पाळली की वाईट, हेही तो सांगत नसे. यंत्र जिवंत आहे की नाही हे बघायला मी त्याच्या पाठीवर हात ठेवायचो, तापकरी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. कोमट लागलं की बरं वाटायचं. तर या बाबांना आणताना जुनं सगळं पुसू का, असं त्यांनी एकदाच विचारलं (सगळ्या मुक्कामात त्यांनी विचारलेला हा एकच प्रश्न) आणि मी, इतकं नम्रपणे विचारतायत तर नाही कशाला म्हणायचं, अशा भावनेने हो म्हटलं. माझे नकाशे वाचले, कारण ते कागदावरही होते. स्वप्नं मात्र दोघींच्याही फोनमधून काढून तिथे हलवलेली, ती फक्त तिथेच होती.

हिला सांगायला गेलो तेव्हा ती गच्चीवरून चादरी आणून घड्या घालत होती. मी चादरीची दुसरी दोन टोकं धरली आणि सांगितलं.

"सगळी गेली?" तिने विचारलं.

"सगळी."

तिने घडी पूर्ण केली. माझ्या हातातली टोकं काढून घेतली. मग म्हणाली, "चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढली. लोक काय काय विसरून जायचे काउंटरवर, पण परत यायचे न्यायला. ही कुठून न्यायला जाऊ मी?"

रागावली असती तर बरं झालं असतं. दोन-तीन दिवस जेवताना ती पाण्याच्या भांड्याकडे बघत राहायची. मी आतल्या खोलीत त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहायचो, आणि आज्ञा काय द्यावी ते सुचायचं नाही. परत दे, असं मी एकदा साध्या मराठीत टाइप करून पाहिलं. बाबांना ती आज्ञा ठाऊक नव्हती.

मग विहीणबाईंचा फोन आला आणि हिने त्यांना सगळं सांगितलं. मी दाराआड होतो (पाणी प्यायला उठलो होतो, ऐकायला नव्हे). मग त्या हसल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं. त्यांनी म्हणे सुचवलं की आठवतील तशी पुन्हा सांगू. तेव्हापासून रोज दुपारी दोघी फोन धरून बसतात आणि गेलेली स्वप्नं पुन्हा रेकॉर्ड करून जमवतात. मासा उशीखाली होता की कपाटात, यावर परवा मोठी चर्चा झाली. पायरी चुकण्याचं स्वप्न मुळात कुणाचं यावरून वाद झाला आणि शेवटी ते दोघींचंच ठरलं. ही सांगते की पहिल्यापेक्षा आता ती जास्त लांब आणि जास्त खरी झालीत. उशिरा पोचलेल्या परीक्षेत आता त्या पास होतात.

चौथं सॉफ्टवेअर हिने निवडलं. चष्म्याचा नंबर तपासायच्या पद्धतीने. मला खुर्चीत बसवलं, एकेक पान समोर उघडलं आणि विचारत गेली, यात बरं वाटतंय की यात? आता? आणि आता? सगळ्यात जास्त वेळ मी ज्याच्याकडे बघितलं ते तिने बाजूला काढून टाकलं. ज्याच्याकडे बघून मला लगेच जांभई आली ते ठेवलं. एक साधं पान, चालू करायचं बटण, बंद करायचं बटण. नवी आवृत्ती स्वतःच आणतं, सगळ्याची नक्कल स्वतःच काढून ठेवतं, आणि झालं की गप्प बसतं. त्याला नाव ठेवायला अजून जागा सापडलेली नाही, म्हणून ते बिननावाचंच आहे. त्यावर आलेख नाही. सवयीने दुपारी मी त्याच्यासमोर जाऊन बसतो. त्याला माझ्याकडून काहीही नको असतं. बाहेर ऊन भिंतीवरून सरकत जातं, यंत्र घुरघुरतं, आणि घरात फक्त दोघींच्या बोलण्याची गुणगुण. सुख म्हणतात ते हेच असावं, पण त्यात माझ्यासाठी खुर्ची कुठे मांडलीय ते सापडत नाही.

असो. फार लांबलं. विहीणबाईंना नमस्कार सांगावा, आणि हे पत्र त्यांनी आधीच वाचलं असेल तर त्यांना वेगळा नमस्कार.

आपला,
एक रिकामा व्याही

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. दोघी मिळून पंधरवड्यासाठी कुठल्याशा तळ्याकाठी जाणार आहेत. तिकिटं काढून झालेली दिसतात. मला काल कळलं. तुम्हाला बहुधा आत्ता कळत असेल. हिचं म्हणणं आहे की तेवढे दिवस तुम्ही इथे राहायला यावं. आमचं घर तळमजल्यावर आहे. गुडघ्याची काळजी नको.

ता. क. २. 'हिचं म्हणणं' असं वर लिहिलंय ते खोडून 'माझं' असं वाचावं. लग्नात आपण भेटलो तेव्हा हवेबद्दल बोललो आणि खुर्च्या मोजल्या. त्यानंतर आपलं बोलणंच झालेलं नाही.

ता. क. ३. नवं सॉफ्टवेअर नीट चालतंय का बघायला मी एक स्वप्न लावून ऐकलं. फक्त एक. विहीणबाईंचं होतं. तुम्ही आणि मी लग्नातले कोट घालून एका होडीत बसलोय, पाणी अगदी स्वच्छ, आणि वल्ही मधे ठेवून आपण एकमेकांना आधी तुम्ही, छे छे आधी तुम्ही, असं म्हणतोय. होडी आपली आपण लांब लांब चाललीय. विहीणबाई काठावर उभ्या आहेत. हाक मारावीशी वाटली, पण इतके छान चालले होते दोघे, की मारली नाही, असं त्या सांगतात. मला वल्हवता येत नाही. तुम्हाला येत असेल तर उत्तमच. येत नसेल तरी या.