आत्याच्या गाण्याखाली गिटार

११ एप्रिल १९९९, सोनगीर
जळगावहून आलो. दोस्त सुन्याने सायबर कॅफेत बसून माझ्या गिटारचा आवाज बदलणाऱ्या प्रोसेसरसाठी इंटरनेटवरची सेटिंगं उतरवून दिली, कागदावर छापून. परदेशातल्या बड्या गिटारवाल्यांचा आवाज नुसत्या आकड्यांत! घरी आल्या आल्या आकडे भरले, हेडफोन लावला... आईशप्पथ! अंगावर काटा. आई जेवायला हाका मारून थकली म्हणे. कुणाला ऐकू येतंय!

१३ एप्रिल
वडिलांशी बोलणं झालं. बोलणं कसलं, नानांनी फर्मानच काढलं. "ताईनी हळदले वाजाड. पाव्हणासमोर लाज नही गई तर तुनं ऑर्केस्ट्रानं देखूत. गई तर नरडाणाले फॅक्टरीमा जाशी." हळद २६ला. धुळ्याचा ऑर्केस्ट्रा मला घ्यायला तयार आहे, अडलंय ते नानांपाशी. मी लगेच हो म्हटलं. आपल्याकडे सेटिंग आहे ना!

१५ एप्रिल
मंडपवाल्या भिकाभाऊंचे भोंगे ओट्यावर लावून ट्रायल. पहिलाच कॉर्ड आणि पिठाच्या गिरणीत खडा पडल्यासारखी घरघर. भिकाभाऊंची रीत एकच, सगळी बटनं फुल्ल. आवाज सोनगीरच्या किल्ल्यावर गेला नाही तर त्यांना पैसे घ्यायची लाज वाटते. मी शहाणा, मी ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, वाढवला. मग गेन, म्हणजे आवाजाचा जोर, अजून. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. तिला धरून आणायला नानाच गेले. ते जास्त वाईट.

१८ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)
गंगूआत्या, म्हणजे नानांची थोरली बहीण, शिरपूरहून आली. बाकीच्या माहेरवाशिणीही. लिंबाला झोका बांधला, गाणी सुरू. म्हटलं, साथ करू या. केली. आत्याने झोकाच थांबवला.
"ए भो, आमनं गानं आमलेच आयकाले येत नही! काय लायेल शे हाई?"
बाया हसून हसून लोळल्या. मीही हसलो. मग मागच्या दारी जाऊन बसलो. हळद तोंडावर आली.

१९ एप्रिल
सकाळी डोक्यात उजेड पडला. हेडफोनमध्ये मी एकटाच असतो, राजा! इथे भोंगा मुळातच फाटका, त्यात मी अजून फाडतोय. भिकाभाऊंची बटनं अर्ध्यावर आणली. ते रुसले. चहा पाजला. मग माझा गेन. ९० चा ६०. तरी घरघर. ४०. ट्रेबलही खाली. आत्याला म्हटलं, तू गा, शब्द बुडाला की हात वर कर. हात वर. पुन्हा हात वर. २५ वर हात खालीच! जोर बटनाने नाही, बोटांनी द्यायचा. आत्याने दुसरं गाणं आपणहून धरलं. मी तर नाचलोच.

२३ एप्रिल
सुन्याचा फोन. मी नवे आकडे सांगितले. "अरे, ओरिजनल सेटिंग बिघडवलंस तू!" बिघडवलं तर बिघडवलं. त्या गोऱ्याला कुठे आत्या होती?

२६ एप्रिल, हळद
बायांनी गाणं धरलं, मी खालून हळूच शिरलो. प्रत्येक शब्द स्वच्छ. ताई पिवळीधमक, हसतेय आणि रडतेय. मध्येच नाना उठलेले दिसले, घाबरून थांबलो. आत्या ओरडली, "वाजाड भो, आते थांबू नको!" नाना सरळ व्याह्यांजवळ गेले. "हाऊ मना पोऱ्या शे." या कानांनी ऐकलं. डोळे भरून आले, तारा दिसेनात. तसाच वाजवत राहिलो. इतका आनंद आयुष्यात...

२८ एप्रिल
ताई काल सासरी गेली. घर खायला उठतं. सकाळी चहा पिता पिता नाना म्हणाले, "त्या ऑर्केस्ट्रावालाले जेवाले बलाव. पहिले माणूस देखूत."
हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. आई मात्र विचारत होती, त्याला तिखट शेवभाजी चालते का.