हूबर साहेबांसाठी रिकाम्या केलेल्या अकरा खाटा

मिरज, ता. ११ मार्च १९४७

राजमान्य राजेश्री हंबीरराव मेहुणे, मुक्काम उंब्रज, यांना मिरजेहून कृष्णातचा मान खाली घालून रामराम. (मान खाली का, ते पुढे येईलच.) मातोश्रींचा गुडघा सध्या कितपत वाकतो? तांबडी म्हैस व्याली का? तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमचे कुटुंब सौ. शालूबाई, गेल्या बुधवारी तिकडे आली आहे. ती चार दिवस विश्रांतीला गेली, असे मी इथे सर्वांना सांगितले आहे. तिने तिकडे काय सांगितले असेल त्याची मला कल्पना आहे, तरी माझीही बाजू ऐकावी.

लढाई संपून पलटणीतून सुटलो आणि स्टेशनसमोर हे अकरा खाटांचे लॉज काढले, ते आपण जाणताच. गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्यात पडलेल्यांचे नातेवाईक. वर एक माडी चढवायची, हा माझा (शालूबाईच्या मते रिकामटेकडा) ध्यास. महिन्यामागे हूबर नावाचे एक स्वित्झर्लंडचे साहेब गाडी चुकली म्हणून आमच्याकडे उतरले. शालूबाईच्या हातच्या तीन भाकरी आणि झणझणीत रस्सा त्यांनी खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी गाळले आणि आणखी रस्सा मागितला. सकाळी कळले की त्यांच्या कंपनीला आपल्या देशातल्या हॉटेलांत भांडवल घालायचे आहे. मेहुणे, माझ्या डोळ्यांपुढे जिन्याखिडक्यांसकट माडी उभी राहिली.

मी पलटणीतल्या इंग्रजीत विचारले, परदेशचा पैसा हॉटेलात यायचा तर तो बघतो काय? (मला वाटले होते, आरसे आणि काटेचमचे.) साहेब म्हणाले, पहिले म्हणजे बारमाही गिऱ्हाईक. महाबळेश्वरची हवा उत्तम, पण पावसाळ्यात तिथे चिटपाखरू फिरकत नाही. मिरजेला आजारी माणूस बारा महिने येतो. दुसरे, जवळ स्टेशन आणि चांगले पाणी. तिसरे, झालेला नफा आपल्या मुलखात नेऊ देणारे सरकार, आणि सगळीकडे एकच कायदा. इथे मी जरा घुटमळलो. इंग्रज बिस्तरा बांधताहेत, मागे राज्य कसे चालणार ते भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि साताऱ्याहून इथे येईतो कुठल्या संस्थानाची हद्द कुठे संपली ते बैलालाही कळत नाही. पण साहेब समजूतदार. म्हणाले, राज्य कुणाचेही येवो, माणूस जेवणार आणि झोपणारच. भागीदाराला घेऊन चार तारखेला बघायला येतो, असे सांगून गेले.

आता तुम्हीच सांगा, एवढा पाहुणा दारी यायचा म्हणजे आपल्यात काय करतात? सोयरिकीला माणसे येणार असली की घर मोकळे करतात, चुना काढतात, दाराला तोरण बांधतात. मी तेच केले. त्या सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना गोड बोलून धर्मशाळेत धाडले आणि अकरा खाटांवर कोऱ्या चादरी घातल्या. शालूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं, मानसंच काडली तर साहेबाला दावनार काय? चादरी?" मी म्हणालो, व्यापारातले तुला कळत नाही. (हे वाक्य मी परत घेतो.) तिने एकट्या रंगुबाईंना मात्र हलू दिले नाही. जतकडची ही म्हातारी. तिचा लेक आप्पासो दोन महिने दवाखान्यात पडून आहे.

साहेब आले. हार झाले, पेढे झाले. भागीदाराने एकेक खाट न्याहाळून विचारले, गिऱ्हाईक कुठे? मी छाती काढून सांगितले, तुमच्यासाठी सगळे हाकलले! त्याने ते वहीत टिपले. मग म्हणाला, हूबर साहेब मागे उतरले त्याचे बिल बघू. मी कानाला हात लावला, पाहुण्याचे पैसे कोण घेतो? त्याने तेही टिपले आणि वही मिटली. एवढ्यात रंगुबाई डबा घेऊन दवाखान्याला निघाल्या. साहेबांनी मला मध्ये घालून विचारले, आजी, तुम्ही इथेच का राहता? म्हातारी म्हणाली, "ही पोरगी माज्या लेकासाठी पथ्याची पेज येगळी करती, पानी उकळून देती. पैसं रोजच्या रोज घेती, पर लय मायेनं. मी कशाला दुसरीकडं जाऊ?" वही पुन्हा उघडली. हूबर साहेब म्हणाले, माडी बांधू, पण करार या बाईंच्या नावाने. यावर मी हसून म्हणालो, ती नुसती रांधते, तिला कागदातले काय कळणार! (आणि तिला समजावे म्हणून तेच मराठीतही सांगितले.) चौथी पास झालेली बाई, मेहुणे. लॉजची वही तीच लिहिते. दुसऱ्या सकाळी साहेबांची मोटार साताऱ्याकडे निघाली, तीत ट्रंक ठेवून ती उंब्रजला आली.

मी चुकलो. सहा दिवस चुलीपुढे मी आहे आणि माझी भाकरी बघून रंगुबाईंनी एकादशी दोनदा धरली. गिऱ्हाइके परतली, पण जो तो आधी विचारतो, वैनी कवा येणार? दुपारी जेवणे उरकल्यावर ती ज्या उंबऱ्यावर पान लावत बसते, तिकडे मला बघवत नाही. घर खायला उठते. माडी गेली तरी चालेल, तिला पाठवावे. मातोश्रींना दंडवत, पोरांना आशीर्वाद.

आपला,
कृष्णात

ता. क. माडी गेली तरी चालेल हे मनापासूनच लिहिले आहे. पण साहेब पुढल्या मंगळवारी परत येणार आहेत, तेव्हा ती सोमवारपर्यंत आली तर दोन्ही साधेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतो आहे तोच टपालाने साहेबांची चिठ्ठी आली. करार बुधवारीच तुमच्या ओसरीवर झाला, सौ. शालूबाईंनी सही केली आणि साक्षीदार म्हणून खाली आपली सही आहे. मेहुणे! तेव्हा वरचे सगळे पत्र रद्द समजावे, "मी चुकलो" एवढे सोडून. लॉजवर मॅनेजर नेमायचा अधिकार म्हणे मालकीणबाईंना आहे. माझा अर्ज सोबत जोडतो. पगाराचा आग्रह नाही, जेवण मात्र तिच्या हातचे असावे. अर्ज नुसता तिच्या हातात द्यावा, समजावून सांगत बसू नये. तिला सगळे कळते.